सात खळग्यांचे पात्र: एब्लस्कीव्हरच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, ऑर्हूस, डेन्मार्क

दिवाळीच्या फराळाचे डबे काल घासून ठेवले आणि आज डॅनिश नाताळातल्या एका पदार्थाच्या तयारीला लागले. त्याचे नाव एब्लस्कीव्हर. डॅनिशमध्ये ‘एब्ल’ म्हणजे सफरचंद आणि ‘स्कीव्हर’ म्हणजे चकत्या. पूर्वी सफरचंदाच्या चकत्या पिठात बुडवून तळत, त्यावरून हे नाव पडले. पुढे पीठ खळग्यांच्या पात्रात ओतू लागले, चकत्यांचे गोळे झाले, पण नाव तेच राहिले. सध्या येथील दुकानांत नोव्हेंबर लागताच गोठवलेल्या एब्लस्कीव्हरच्या पिशव्यांचे ढीग लागतात. ओव्हनमध्ये गरम करून, वर पिठीसाखर भुरभुरून स्ट्रॉबेरीच्या किंवा रासबेरीच्या जॅमबरोबर त्या खाल्ल्या जातात, मात्र त्यांच्या पोटात सफरचंदाचा तुकडाही नसतो. आम्ही तीन वर्षे त्याच खाल्ल्या. नाव सफरचंदाचे आणि आत काहीच नाही, ही गोष्ट मला दरवर्षी खटकत आली आहे.

म्हणून यंदा ठरवले आहे की पहिल्या अॅडव्हेंटपर्यंत, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारपर्यंत, १ डिसेंबरपर्यंत, सफरचंद भरलेल्या एब्लस्कीव्हर घरी नीट जमल्या पाहिजेत. नीट म्हणजे पूर्ण गोल, आतपर्यंत शिजलेल्या आणि सारण मधोमध राहिलेल्या.

शेजारच्या वृद्ध बाईंनी त्यांच्या आईचे पात्र वापरायला दिले. ते बिडाचे आहे, लांब दांड्याचे आणि चांगलेच जड. त्याला सात खळगे आहेत, मध्ये एक आणि भोवती सहा. मी कोकणातून आणलेले बिडाचे आप्पेपात्र शेजारी ठेवले, तेव्हा दोन्ही एकाच घरातली वाटली. फूटपट्टी लावल्यावर मात्र फरक कळला. आप्पेपात्राचा खळगा तोंडाशी साडेचार सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर खोल आहे, म्हणजे जवळजवळ बशीच. डॅनिश पात्राचा खळगा साडेपाच सेंटिमीटर रुंद आणि पावणेतीन सेंटिमीटर खोल आहे, म्हणजे चेंडूचा बरोबर अर्धा भाग. पात्राच्या बुडाला एक उभे गोल कडे आहे. त्याचे प्रयोजन आज लक्षात आले नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

पहिला घाणा. प्रमाण असे घेतले: मैदा २५० ग्रॅम, ताक ४०० मिलिलिटर, अंडी ३, साखर एक मोठा चमचा, मीठ अर्धा लहान चमचा, खायचा सोडा एक लहान चमचा, वेलदोड्याची पूड एक लहान चमचा आणि अर्ध्या लिंबाची किसलेली साल. येथील ताक आपल्या ताकापेक्षा बरेच दाट असते. घरच्या घुसळलेल्या ताकाने कोणी हे करून पाहणार असेल, तर ताकाऐवजी चांगले फेटलेले आंबटसर दही घेणे योग्य ठरेल. अंड्यांचा पिवळा बलक पिठात घातला, पांढरा भाग वेगळा फेटून घट्ट फेस केला आणि तो शेवटी हलक्या हाताने मिसळला.

सव्वीस झाल्या, पण एकही गोल झाली नाही. मी सवयीप्रमाणे आप्पे करावेत तसे केले, म्हणजे खालची बाजू पूर्ण शिजू दिली आणि मग चमच्याने उलटी केली. त्यामुळे तळाचा अर्धा भाग सुंदर गोल आणि वरचा अर्धा भाग चपटा राहिला. शिवाय मधल्या खळग्यातले गोळे करपले आणि कडेच्या सहांतले फिकट राहिले. चव मात्र पहिल्याच दिवशी चांगली आली. वेलदोडा घालताना हात आपोआप सैल सुटला, आणि सुदैवाने डॅनिश लोकांनाही तो मनापासून आवडतो. येथील बेकऱ्यांतून सकाळी जो वास येतो त्यात वेलदोडा असतोच.

१० नोव्हेंबर, रविवार

आईला फोनवर पात्र दाखवले. ती म्हणाली, “अगं, आधी पाण्याचा थेंब टाकून बघ. नुसता बसून राहिला तर पात्र गार आहे, चुर्र करून आटला तर ठीक, आणि गोळी होऊन पळायला लागला तर गॅस कमी कर.” आमच्याकडे गॅस नाही, काचेची विजेची शेगडी आहे, पण परीक्षा तीच लागू पडली. काल माझा थेंब पळत होता.

पात्र मध्यम आचेपेक्षा थोड्या कमी आचेवर दहा मिनिटे तापवले आणि प्रत्येक घाण्यानंतर ते काचेवर थोडे थोडे फिरवत गेले. मधल्या आणि कडेच्या खळग्यांतला फरक बराच कमी झाला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज शेजारीणबाई स्वतः आल्या. सोबत त्यांनी विणकामाची एक पोलादी सुई आणली होती, अडीच नंबरची आणि टोकाशी काळसर झालेली. ही सुई गेली कित्येक वर्षे केवळ एब्लस्कीव्हरसाठी राखून ठेवलेली आहे. डेन्मार्कमध्ये हीच रीत आहे. काही घरांत लाकडी काडी किंवा काटा वापरतात, पण जुन्या बायका विणकामाच्या सुईवरच विश्वास ठेवतात.

त्यांनी प्रत्येक खळग्यात शेंगदाण्याएवढे लोणी घातले. लोण्याचा फेस वर आला आणि खाली बसला, तेव्हा कुठे पीठ ओतायला सुरुवात केली. दांड्याजवळच्या खळग्यापासून घड्याळाच्या दिशेने सहा खळगे आणि शेवटी मधला, हा क्रम त्यांनी एकदाही मोडला नाही, कारण उलटतानाही तोच क्रम पाळायचा असतो. ज्यात पीठ आधी पडले तो गोळा आधी वळवायचा.

यापुढे जे पाहिले ते सविस्तर लिहून ठेवते, कारण साऱ्या प्रकल्पाचा गाभा त्यातच आहे. पहिल्या खळग्यात काठाशी पीठ किंचित आकसले आणि त्याची चकाकी गेली. मध्यभागी ते अजून पातळ होते, आणि पात्र हलवले की थरथरत होते. बाईंनी सुई काठ आणि लोखंड यांच्या मधल्या फटीत घातली आणि गोळा उलटा न करता फक्त पाव वळण दिले. तळाशी झालेली सोनेरी वाटी उभी राहिली, निम्मी खळग्यात आणि निम्मी वर. तिच्या पोटातले कच्चे पीठ कडेवरून ओघळून मोकळ्या झालेल्या लोखंडावर पडले आणि तेथे त्याचे नवे कवच धरू लागले. साधारण अर्ध्या मिनिटाने त्यांनी दुसऱ्या बाजूला पुन्हा पाव वळण दिले. आता वर बोटभर तोंड उरले होते, त्यातून आत ओले पीठ दिसत होते. तिसऱ्या वळणात ते तोंड खाली गेले, उरलेल्या पिठाने आपोआप बुजले, आणि खळग्यात पूर्ण चेंडू फिरू लागला. त्यानंतर त्या सुईच्या टोकाने गोळे नुसते फिरवत राहिल्या, सगळीकडून सारखा रंग येईपर्यंत.

मी सुई उचलून गोळा वर ओढू लागले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “ओढायचे नाही. काठ खाली दाब, म्हणजे तो आपणच वर येतो.”

म्हणजे गोलपणा पात्रात नसतो. पात्र फक्त अर्धा गोल देते, उरलेला अर्धा ओल्या पिठाच्या ओघळण्याने होतो. आप्पे शिजून घट्ट झाल्यावर उलटायचे असतात. एब्लस्कीव्हर कच्ची असतानाच वळवावी लागते.

१७ नोव्हेंबर, रविवार

एकटीने सराव केला. एकवीस झाल्या, त्यांतल्या नऊ गोल. बिघडलेल्यांपैकी बहुतेकांत तिसऱ्या वळणाला उशीर झाला होता. आतले पीठ धरून बसले, तोंड बुजले नाही आणि गोळ्याला बीळ राहिले.

दुसरीही एक चूक सापडली. सोडा घातलेले पीठ चाळीस मिनिटे तसेच ठेवले होते. ताकाच्या आंबटपणाशी सोड्याचा संयोग लगेच सुरू होतो आणि वायू निघून जातो, त्यामुळे शेवटचा घाणा जड झाला. आता मैदा, ताक, बलक, मीठ आणि साखर एकत्र करून पीठ अर्धा तास मुरवायचे, आणि सोडा व फेटलेला फेस पात्र तापल्यावरच घालायचा, असे ठरवले आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून सारण. रिकामा गोळा करणे आणि भरलेला गोळा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सकाळी अकरापर्यंत पुरते कळले.

आधी घरात होता म्हणून स्ट्रॉबेरीचा जॅम घेतला. खळगा निम्मा भरून मध्ये थोडा जॅम ठेवला आणि वर पीठ ओतले. पहिल्या वळणालाच जॅम पातळ होऊन ओल्या पिठाबरोबर वाहिला, लोखंडाला लागला आणि जळला. साखर जळून बिडाला चिकटली की पुढचे सगळे गोळे तेथेच चिकटतात. पात्र उतरवून कोमट झाल्यावर जाड मिठाने घासले आणि पुन्हा तेल लावून तापवले. दुसऱ्याचे, त्यातून त्यांच्या आईचे पात्र, त्यामुळे जीव वर-खाली होत होता. त्याला काही झाले नाही, हे येथे मुद्दाम नोंदवते.

मग कच्च्या सफरचंदाचे लहान तुकडे घातले. ते वाहत नाहीत, पण पाच-सहा मिनिटांत शिजतही नाहीत, आणि त्यांच्या पाण्याने भोवतीचे पीठ लगद्यासारखे राहते. बाटलीतले सफरचंदाचे शिजवलेले सारण पातळ निघाले. त्याचीही जॅमसारखीच गत झाली.

दुपारी पुरणाची आठवण झाली. पुरणात डाव उभा राहिला की पुरण झाले, हे आपण लहानपणापासून पाहतो. सफरचंदाचेही तसेच करून पाहिले. चार सफरचंदे सोलून बारीक चिरली, एक चमचा लोणी, दोन चमचे साखर आणि लिंबाचा रस घालून झाकण न ठेवता मंद आचेवर आटवली, ती लाकडी चमचा उभा राहीपर्यंत. गार झाल्यावर त्याच्या बोराएवढ्या गोळ्या वळता आल्या आणि फ्रीजमध्ये तासभर ठेवल्यावर त्या चांगल्या घट्ट झाल्या. पीठ, गोळी आणि पुन्हा पीठ या क्रमाने भरल्यावर पहिल्या वळणात गोळी जागची हलली नाही. कापून पाहिले तर सारण जवळजवळ मधोमध होते.

२४ नोव्हेंबर, रविवार

सफरचंद कोणते घ्यावे, यावर आजचा दिवस घालवला आणि तो मुळीच वाया गेला नाही. डेन्मार्कने २००५ मध्ये ग्रॉस्टेन या जातीला राष्ट्रीय सफरचंद म्हणून जाहीर केले. दक्षिण युटलंडमधल्या ग्रॉस्टेन गावाचेच नाव तिला मिळालेले आहे. या फळाला अतिशय सुंदर वास असतो आणि आंबटपणाही नेमका. पण ते लवकर तयार होते आणि फार टिकत नाही. मला बाजारात शेवटची पाचच मिळाली, तीही मऊ पडलेली. इंग्रिड मारी हे फ्यून बेटावर १९१० च्या सुमारास मिळालेले सफरचंद हिवाळ्यात सहज मिळते. ते गोड आहे, त्यामुळे लिंबू जास्त लागते. बॉस्कोप मूळ हॉलंडचे, चांगले आंबट आणि शिजल्यावर पूर्ण विरघळणारे.

निम्मे बॉस्कोप आणि निम्मे इंग्रिड मारी हे मिश्रण मला सर्वांत आवडले. बॉस्कोप विरघळून बांधणी करते आणि इंग्रिड मारीचे बारीक तुकडे दाताखाली येतात. वेलदोडा सारणात घालू नये, तो पिठात असतो तेवढा पुरे. दोन्हीकडे घातला तर सफरचंदाची चव मागे पडते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

कामावरून सुट्टी होती म्हणून ‘डेन गाम्ले ब्यू’, म्हणजे ‘जुने शहर’ या ऑर्हूसच्या खुल्या संग्रहालयात गेले. हे संग्रहालय १९१४ सालचे. डेन्मार्कच्या निरनिराळ्या गावांतली जुनी घरे येथे आणून पुन्हा उभी केलेली आहेत आणि नाताळाच्या दिवसांत त्या त्या काळाप्रमाणे ती सजवतात. एका स्वयंपाकघरातल्या लोखंडी चुलीवर एकात एक बसणारी गोल झाकणे पाहिली आणि पात्राच्या बुडाच्या कड्याचे कोडे सुटले. चुलीवरची एक-दोन झाकणे काढून त्या भोकात पात्र बसवायचे, कडे भोकाच्या काठावर टेकते आणि जाळ थेट खळग्यांच्या बुडाला लागतो. माझ्या काचेच्या शेगडीवर ते कडे नुसते टेकून उभे राहते आणि कडेच्या खळग्यांना उष्णता कमी पोहोचते. त्यावर उपाय एकच आहे: पात्र अधिक वेळ आणि मंद आचेवर तापवणे. घाई करून आच वाढवली तर मधला गोळा जळणारच.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलीच्या शाळेत नाताळाच्या कातरकामाचा दिवस होता. पालक आणि मुले एकत्र बसून कागदाची विणलेली लाल-पांढरी हृदये आणि तारे करतात, आणि मध्येच ओव्हनमधून गरम एब्लस्कीव्हर येतात. अर्थात पिशवीतल्या. मुलांनी त्या पिठीसाखरेत लोळवून मनसोक्त खाल्ल्या. पन्नास-साठ माणसांसाठी पात्रावर करणे अशक्यच आहे, त्यामुळे पिशवीला मी दोष देत नाही. मुलगी मात्र एक गोळा फोडून आत पाहत राहिली आणि तिने शेजारच्या मुलाला विचारले, “यात सफरचंद कुठे आहे?” त्याने तिच्याकडे आश्चर्याने पाहिले. सफरचंद असते, हे त्याने आजवर ऐकलेच नव्हते.

१ डिसेंबर, रविवार, पहिला अॅडव्हेंट

अॅडव्हेंटच्या माळेत दर रविवारी एक याप्रमाणे चार मेणबत्त्या लावतात, त्यांतली पहिली आज लावली. चार वाजायच्या आत सूर्य मावळला, आणि साडेचारला पाहुणे आले तेव्हा बाहेर पूर्ण अंधार होता.

प्रमाण ९ तारखेचेच, त्यात ५० ग्रॅम वितळवलेले लोणी वाढवले. अर्धा तास मुरवून सोडा व फेस शेवटी घातला. सारणाच्या गोळ्या आदल्या रात्री वळून ठेवल्या होत्या. एकूण चोवीस झाल्या, त्यांतल्या वीस गोल, तीन तोंड उघडे राहिलेल्या आणि एक फुटलेली. प्रत्येक घाण्याला साडेपाच ते सहा मिनिटे लागली. सुई आरपार घालून पाहिली तर सारण चिकटते, त्यामुळे भरलेल्या गोळ्यांची परीक्षा तिरपी सुई घालून, सारण टाळून करावी लागते. हे आज नव्याने कळले.

सोबत ग्लॉग केले होते. तांबडी वाइन दालचिनी, लवंग, वेलदोडा आणि संत्र्याच्या सालीबरोबर गरम करून त्यात बेदाणे आणि बदामाचे काप घालतात. मुलांसाठी तेच काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या सोलबेरच्या रसाचे केले. पहिला गोळा तोडल्यावर आतून वाफ आली आणि लोण्यात आटलेल्या सफरचंदाचा वास टेबलभर पसरला. त्या क्षणी महिनाभराचे श्रम वसूल झाले. जॅमची वाटी ठेवली होती, पण सारण असल्यामुळे तिची गरज कोणाला भासली नाही. नुसती पिठीसाखर पुरली.

८ डिसेंबर, रविवार, दुसरा अॅडव्हेंट

आईच्या आग्रहावरून उलटसुलट प्रयोग केला. एब्लस्कीव्हरचे पीठ आप्पेपात्रात ओतले आणि आप्प्यांचे आंबवलेले पीठ डॅनिश पात्रात.

आप्पेपात्रात एब्लस्कीव्हर झाल्या, खमंगही झाल्या, पण चपट्या. दीड सेंटिमीटर खोलीत बोराएवढी गोळी बुडत नाही, वर पीठ ओतले तरी बाजूने डोकावते. ज्यांच्याकडे फक्त आप्पेपात्र आहे त्यांनी सारण वाटाण्याएवढे घ्यावे आणि पाव वळणाची रीत तशीच पाळावी. चेंडू होत नाही, पण चांगला फुगीर गोळा होतो.

डॅनिश पात्रातले आप्पे मात्र फसले. तांदूळ-उडदाचे पीठ दाट असते, ते पाव वळणाला ओघळत नाही. पीठ पातळ केले तेव्हा गोल झाले, पण एवढ्या मोठ्या गोळ्याचे पोट चिकट राहिले. आई फोनवर म्हणाली, “आप्पा लहानच हवा, त्याला कुरकुरीत काठ हवा.” तिचे म्हणणे पूर्ण पटले.

याच दिवशी सुक्या आलुबुखारचा अर्धा तुकडा सारण म्हणून घालून पाहिला. तो वाहत नाही, शिजवावा लागत नाही, आणि ज्याला सफरचंद आटवायला वेळ नाही त्याच्यासाठी उत्तम आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

उरलेल्या आठ गोठवल्या होत्या, त्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर दहा मिनिटे गरम केल्या. बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ झाल्या. मायक्रोवेव्हमध्ये केलेली एक चिवट झाली.

२२ डिसेंबर, रविवार, चौथा अॅडव्हेंट

चारही मेणबत्त्या लागल्या. शेजारीणबाईंना बोलावले होते. पहिले दोन घाणे मी केले आणि तिसऱ्याला मुलीने सुई मागितली. तिने दांड्याजवळच्या खळग्यापासून सुरुवात केली, काठ खाली दाबला, गोळा उभा राहिला, तशी ती श्वास रोखून थांबली आणि मग पुढच्याकडे वळली. सातांपैकी पाच पूर्ण बुजल्या. मधला थोडा करपला, कारण बोलण्याच्या नादात आच मीच वाढवली होती.

बाईंनी तिच्या हातची एक उचलली, बोटांनी हलकेच फोडून दिव्याकडे धरली आणि आतल्या सफरचंदाकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “माझी आई सालासकट चिरायची.” मी वही उघडून ते लिहून घेतले आणि त्यांना विचारले, बॉस्कोपची साल की दुसऱ्या कुठल्या जातीची. त्यांनी दुसरी एब्लस्कीव्हर साखरेत बुडवली आणि सांगितले की त्यांच्या परसात एकच झाड होते, ग्रॉस्टेनचे.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात ग्रॉस्टेन मिळताच सालासकट आटवून सारण गोठवून ठेवायचे आहे. पात्राला तेलाचा हात लावून, कागदात गुंडाळून ते परत द्यायला गेले, तेव्हा त्यांनी सुईही त्यावर ठेवली आणि दोन्ही माझ्याकडे सरकवले.